ॲलिसला सापडलेली झोरा

फ्लोरिडात राहायला आल्यावर ॲलिस वॉकरची ‘द कलर पर्पल’ मी पुन्हा वाचली. तिची नायिका सेली हिच्या पत्रांतली ती काळ्यांची बोली वॉकर जॉर्जियात, वाट्याने शेती करणाऱ्या आईवडिलांच्या घरात ऐकतच वाढली होती. पण तिच्याही आधी ही बोली कादंबरीत मानाने आणली झोरा नील हर्स्टनने. तिची कबर फोर्ट पिअर्सला आहे असं कळलं, आणि मी गेले.

१९६० साली झोरा तिथल्या निराधारांच्या आश्रमात वारली. अंत्यविधी वर्गणीतून झाला. पुस्तकं तर कधीच बाजारातून गेली होती. वूडूवर माहिती शोधताना वॉकरला तिचं नाव भेटलं, तेही गोऱ्या अभ्यासकांच्या तळटीपांमध्ये! १९७३ मध्ये ती इथे आली तेव्हा कमरेइतकं गवत माजलं होतं. आपण झोराची भाची आहोत, असं सांगत तिने चौकशी केली आणि अंदाजाने जागा ठरवून दगड बसवला.

त्या दगडावर जन्मसाल १९०१ आहे. खरं साल १८९१. बॉल्टिमोरमध्ये फुकट शाळेत बसता यावं म्हणून झोराने वय दहा वर्षांनी कमी सांगितलं होतं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. शिकण्यासाठी दहा वर्षं पुसून टाकणारी ही बाई मला तिथे उभ्या उभ्या फार जवळची वाटली.

झोराचा वारसा ईटनव्हिलचा: काळ्यांनीच वसवलेलं, काळ्यांनीच चालवलेलं गाव आणि दुकानाच्या ओट्यावर रंगणाऱ्या गप्पा. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली शिकून ती त्याच गप्पा टिपायला परतली. त्यातून १९३५ साली ‘म्यूल्स अँड मेन’ आलं. दोन वर्षांनी आलेल्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ या कादंबरीवर रिचर्ड राइट यांनी कडाडून टीका केली. गोऱ्यांची करमणूक करणारं लेखन, असा त्यांचा रोख होता. राइट मोठे लेखक. पण हा न्याय नव्हता.

घरी आल्यावर मी ती कादंबरी मोठ्याने वाचली. तिची नायिका जॅनी आपली सगळी कहाणी मैत्रिणीला, फीबीला सांगते. सेली आधी देवाला लिहिते, मग देवाला सोडून बहिणीला. वॉकरने झोराकडून बोली तर घेतलीच, पण ऐकणारी बाईसुद्धा तिला तिथेच मिळाली असावी.