शियात्सू आणि पाय चेपणं

हपिसात दिवसभर मॉनिटरपुढे बसून मान आखडली की कुणीतरी शियात्सूचं नाव काढतंच. जपानीत 'शि' म्हणजे बोट, 'आत्सू' म्हणजे दाब. तेल नाही, कपडे अंगावर तसेच. अंगठ्यांनी, तळव्यांनी दाब द्यायचा. आता सांगा मंडळी, आमच्या खान्देशातलं अंग चेपणं याहून वेगळं काय?

धुळ्याकडच्या आमच्या गावी आजी कापूस वेचून आली की रात्री हाक यायची, "पाय दाबी दे वं!" हाक अर्थातच सुनेला, म्हणजे माझ्या आईला. आईही त्याच शेतातून आलेली. तिचे पाय कोण दाबणार?

तोकुजिरो नामिकोशींनी १९४० मध्ये टोकियोत शियात्सूची संस्था काढली. आज जपानात या कामाला किमान तीन वर्षांचं शिक्षण आणि सरकारी परवाना लागतो. त्याहून जुन्या 'अन्मा' मालिशवर एदो काळात कित्येक अंधांनी पोट भरलं. तिकडे पेशा, इकडे सुनेचं कर्तव्य!

गुण येतो का? स्नायू सैलावतात, बरं वाटतं. पण मोठे आजार बरे होतात याला भक्कम पुरावा नाही. आणि एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर चेपू नका, आधी डॉक्टर गाठा. आत रक्ताची गुठळी असू शकते.

असो. गेल्या दिवाळीत जळगावच्या घरी आईचे पाय मांडीवर घेतले. "येडा झाला का रे?" म्हणत तिने मागे ओढले. मी सोडले नाहीत. दहा मिनिटांत घोरायला लागली.