बंद घरांची पट्टी

संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या ग्रामपंचायतीचं नमुना 8 चं, म्हणजे घरपट्टी आकारणीचं, रजिस्टर उघडलं तर गाव भरलेलं दिसतं. वाड्यांमधून फिरलं की निम्म्या दारांना कुलपं. त्यामुळे ग्रामपंचायत अधिकारी म्हणून माझी वसुली मार्चपेक्षा गणपतीतच जास्त होते. चाकरमानी उतरले की पावतीपुस्तक काखेत मारून मी दारोदार हजर.

"भाऊसाहेब, नळ वर्षातून पंधरा दिवस सुटतो, पट्टी बारा महिन्यांची कशी?" परळहून येणारे एक आजोबा दरवर्षी विचारतात. त्यांचंही बरोबरच. पण प्यायला माणसं उरली नाहीत म्हणून पाइपलाइन आखूड होत नाही. वरच्या वाडीत चार घरं उघडी असली तरी पंप तिथवर पाणी चढवतोच, आणि विजेचं बिलही येतंच.

2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी जिल्हा 16,96,777 वरून 16,15,069 वर उतरला. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्ह्यात 29 लाखांहून जास्त माणसं वाढली. त्यात आमचीही आलीच. वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतींना वाटताना 90 टक्के भार लोकसंख्येवर, 10 टक्के क्षेत्रफळावर. डोकी गेली की पैसा गेला. पऱ्ये, साकव, चढाचे रस्ते जागच्या जागी. खरं तर 2021 ची जनगणना लांबली हे आमच्या पथ्यावरच पडलं. अजून 2011 च्याच आकड्यांवर तगून आहोत.

ग्रामसभेची तऱ्हा आणखी वेगळी. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं लागतात. नावं आमच्या यादीत, माणसं विरार-दिव्याला. मग सभा तहकूब करायची. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. समोर बहुतेक बायका आणि म्हातारे. निवडणुकीला मात्र मुंबईहून गाड्या भरून येतात. इथे न राहणाऱ्यांनी सरपंच ठरवावा हे मला पटत नाही. पण पट्टी तेच भरतात, म्हणून तोंड उघडत नाही.

आता 2027 ची गणना. 1500 पर्यंत लोकसंख्येला 7 सदस्य, पुढे 3000 पर्यंत 9. आम्ही 2011 ला दीड हजारांच्या जेमतेम वर होतो, तेव्हा दोन जागा जाणार हे दिसतंच आहे. "गणना शिमग्यात नाही का घेता येत?" एका सदस्याने विचारलं. मी सांगितलं, संदर्भ दिनांक 1 मार्चचा, शिमगा त्यानंतर. आणि मोजायचं ते राहणाऱ्याला, पालखी नाचवायला आलेल्याला नव्हे. त्यावर लगेच पुढचा प्रश्न: प्रभाग मोडायचा तो वरच्या वाडीचा की खालच्या?