झांजेचं वजन

रॉक वाजवायचं तर सिंबल जाडच हवेत, ही समजूत ड्रम शिकणाऱ्या मुलांच्या मनात पक्की बसलेली आहे. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्नच तो असतो: ‘यात रॉकवाला कुठला?’ कंपन्यांनीही या समजुतीला खतपाणी घातलं. जड, जाड पत्र्याच्या सिंबलवर त्यांनी ‘रॉक’ असा शिक्का मारला आणि घेणाऱ्याची विचार करण्यातून सुटका झाली. माझ्या मते हा शिक्का अर्धाच खरा आहे. ड्रम सेटवरच्या काही सिंबलना वजन लागतंच, ते मी नाकारत नाही. पण क्रॅश, म्हणजे गाण्याच्या भरात ज्याच्यावर काठी आडवी पडते आणि ज्यासाठी मुलं पदरचे सगळे पैसे घालतात तो सिंबल, रॉकमध्येसुद्धा पातळ किंवा फार तर मध्यम असावा. हे पटवून घ्यायला परदेशी ड्रमरांच्या मुलाखती ऐकायची गरज नाही. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाच्या कानावर त्याचा पुरावा लहानपणापासून पडत आलेला असतो.

कुस्तीच्या मैदानात हलगी, घुमकं आणि कैताळ एकत्र वाजतात तेव्हा नीट कान द्यावा. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात हजारो माणसं ओरडत असतात, डोक्यावर छप्पर नसतं, ध्वनिक्षेपकावरून जोड पुकारली जात असते, आणि तरी हलगीचा प्रत्येक ठोका वेगळा कळतो. शेकोटीवर तापवून ताणलेलं कातडं, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. हलगीचा आवाज उंच, कोरडा आणि तुटक. घुमकं खाली खर्ज धरून असतं. या दोघांच्या मधे कैताळाच्या झांजांना जागा मिळते ती चिमूटभर. कैताळ वाजवणारा ती जागा ओळखून लय मोजतो. एक आघात संपला की पुढचा. त्याची आस लांबली तर बारीक काडीची नक्षी तिच्याखाली गाडली जाईल, हे त्याला सांगावं लागत नाही. दिंडीतल्या टाळांचंही काम तेच. टाळ लहान, जाड, वाटीसारखा खोल. त्यामुळे त्याचा सूर ठाम असतो आणि अनेक टाळ एकत्र वाजले तरी ठोका एकाच बिंदूवर पडतो. वाजवणारा तो मिटून वाजवतो किंवा उघडा सोडतो, आणि आस किती ठेवायची ते हातानं ठरवतो.

आता मिरवणुकीतलं झांजपथक घ्या. मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडनं पापाच्या तिकटीकडे पथक सरकत असतं तेव्हा दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आवाज आपटून परत येतो. तिथली झांज मोठी, पसरट, टाळाच्या मानाने पातळ. तिचं काम उधळण्याचं. समेवर हात वर जातात, झांजा फाकतात, आणि लगेच अंगाशी दाबून मिटतात. झांजेची ती जोडी एकमेकींवर अगदी सपाट आपटली तर आत हवा कोंडते आणि ‘फुस्स’ असा मेलेला आवाज येतो. म्हणून एक कड आधी टेकवून, जरा घसटत दुसरी भिडवतात. अशा रीतीनं आपल्याकडे धातूच्या वाद्यांनी दोन कामं वाटून घेतली आहेत: एक मोजणारं, एक उधळणारं. मोजणारं वाद्य जाड आणि लहान, उधळणारं मोठं आणि पातळ. ड्रम सेटवरही हीच वाटणी आहे. पायानं मिटणारी हायहॅटची जोडी आणि ठेका धरणारा राइड मोजतात, क्रॅश उधळतो. ‘रॉक’चा शिक्का ही वाटणी पुसून टाकतो आणि सगळ्या सेटला एकच वजन लावतो. माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

पातळ क्रॅशच का, याचं कारण पत्र्याच्या वागण्यात आहे. सिंबलवर काठी पडते तेव्हा आधी त्याची खालच्या सुरातली मोठी थरथर सुरू होते, आणि मग सेकंदाच्या काही शतांश भागात ती ऊर्जा वरच्या सुरांकडे चढत जाते. ‘छश्श’ असा जो फवारा आपण ऐकतो तो या चढणीतून येतो. पातळ पत्रा सहज वाकतो, म्हणून थोड्या जोरातच उघडतो आणि लवकर निवतो. जाड पत्रा वाकायला कुरकुरतो. त्याला उघडायला जोर जास्त लागतो, तो उशिरा उघडतो, आणि एकदा उघडला की बराच वेळ गात बसतो. 18 इंची पातळ क्रॅश साधारण 1,300 ते 1,400 ग्रॅमच्या घरात असतो, आणि त्याच मापाचा ‘रॉक’ शिक्क्याचा क्रॅश 1,800 ग्रॅमच्या आसपास जातो. हातात दोन्ही धरून पाहिले तर हा फरक लगेच कळतो. आता गाण्याचा वेग मिनिटाला 140 मात्रांचा असेल तर चार मात्रांचं आवर्तन 1.7 सेकंदांत संपतं. जड क्रॅश पहिल्या मात्रेवर मारला तर पुढची दोन-तीन आवर्तनं त्याच्या शेपटीखालीच जातात. त्यात डिस्टॉर्शन लावलेला गिटार. त्याचा करकरीत भाग दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात दाटलेला असतो आणि आपला कान नेमका त्याच भागात सर्वांत तिखट असतो. गाणाऱ्याच्या शब्दांतली च, ट, स ही अक्षरं ओळखायला लागणारा आवाजही त्याच पट्ट्यात आणि त्याच्या जरा वर. इतक्या गर्दीत लांब शेपटीचा क्रॅश घुसला की आधी बळी जातो तो शब्दांचा. मराठी रॉक गाताना शब्द कळले नाहीत तर ऐकणाऱ्याच्या हाती फारसं काही उरत नाही.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा येतो. थोर रॉक ड्रमर जाडजूड सिंबलच वाजवत होते, मग आपण शहाणे कोण? त्या काळात आवाजाची शर्यत लागली होती, हे खरं आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यावर 100 वॉटचे मार्शल अँप्लिफायर आले, गिटार एकदम मोठे झाले, आणि ड्रमना मात्र आजच्यासारखे माइक नव्हते. त्या गरजेतून सिंबलही बदलले. स्वित्झर्लंडच्या पाइस्ते कंपनीनं 1967 मध्ये जायंट बीट आणि 1971 मध्ये 2002 ही मालिका काढली. लेड झेपेलिनचा जॉन बोनम याच कंपनीचे सिंबल वाजवायचा, आणि रॉकमधला सर्वांत दणकट हात म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. त्याच्या सेटची मापं बघण्यासारखी आहेत: 15 इंची हायहॅट, 16 आणि 18 इंची क्रॅश, 24 इंची राइड. त्यानं आवाज वाढवला तो व्यासानं. जाडीवर त्याची भिस्त नव्हती. मोठा व्यास खालचे सूर देतो, आवाज रुंद करतो, आणि वजन मध्यम ठेवलं तर उघडतोही लवकर. म्हणून आवाज कमी पडतो असं वाटलं तर 16 चा जाड क्रॅश शोधण्यापेक्षा 18 किंवा 19 चा मध्यम घ्यावा. इतिहासाचा दाखला द्यायचाच तर तो असा पुरता द्यावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो आपल्याकडच्या परिस्थितीतून येतो. ‘आम्ही उघड्या मंडपात वाजवतो, सिंबलना माइक नसतो, पातळ क्रॅश तिसऱ्या रांगेपुढे जाणार नाही.’ मला हा आक्षेप मनापासून समजतो. गॅदरिंगला किंवा गणेशोत्सवाच्या स्टेजवर ड्रमपुढे बहुधा दोन-तीनच माइक येतात, आणि ते बेस ड्रमला अन् स्नेअरला जातात. पण सिंबलचा आवाज माइकमध्ये जातच नाही, हे खरं नाही. स्टेज लहान असतं, गाणारा ड्रमच्या पुढे चार-पाच हातांवर उभा असतो, आणि त्याच्या माइकचं तोंड ड्रमच्याच दिशेला असतं, म्हणून क्रॅश तिथे शिरतोच. साउंडवाला गाणाऱ्याचा आवाज वाढवायला जातो तेव्हा त्याच्याबरोबर सिंबलही वाढतो. जाड क्रॅश असला की ही ओढाताण संपतच नाही: गाणं ऐकू येत नाही म्हणून माइक वाढवला, माइक वाढवला म्हणून सिंबल वाढला, सिंबल वाढला म्हणून गाणं बुडालं. पातळ क्रॅश लवकर निवतो, म्हणून दोन आघातांमधे माइकमध्ये फक्त गळा उरतो. उघड्या मैदानात अजून एक गोष्ट घडते. वरचे सूर हवेत आणि माणसांच्या गर्दीत लवकर शोषले जातात. लांबवर पोचतो तो क्रॅशचा मधला, रुंद भाग. म्हणजे तिथेही मदत व्यासाची होते.

जिथे जाडीचीच बाजू घ्यायला हवी ती जागा राइडची आणि हायहॅटची. वेगवान मेटल वाजवताना बेस ड्रमचे दोन पाय सोळाव्या मात्रा काढत असतात आणि वर राइडनं प्रत्येक टिंब सुटं दाखवायचं असतं. पातळ राइड तिथे काही आघातांतच स्वतःच्या गुंजनात बुडतो आणि टिंबांची रेघ होते. जड राइडचा ‘टिंग’ स्वच्छ राहतो, आणि त्याची मधली घुमटी, जिला आम्ही बेल म्हणतो, ती टाळासारखी ठाम बोलते. हायहॅटमध्ये वरची झांज मध्यम आणि खालची जड असली की पायानं मिटताना ‘चिक्’ नेमका पडतो. खालच्या झांजेची कड लाटेसारखी असेल किंवा तिला भोकं असतील तर कोंडलेली हवा निसटते. झांजपथकातला पोरगा कड तिरकी लावून जे साधतो, ते इथे कारागिरानं झांजेतच करून ठेवलेलं असतं.

तुटण्याची भीती हा तिसरा आक्षेप, आणि घरच्यांच्या पैशातून सिंबल घेणाऱ्या मुलासाठी तो खरा असतो. पातळ सिंबल तडकतो, जाड टिकतो, असं सरळ गणित मांडलं जातं. पण सिंबल तडकतो तो बहुतेक वेळा वाजवण्याच्या आणि बसवण्याच्या चुकीनं. कडेवर काठी काटकोनात घातली, वरचा नट आवळून झांजेला हलायलाच जागा ठेवली नाही, स्टँडच्या दांड्यावरची प्लास्टिकची नळी हरवल्यावर तशीच चालवली, आणि लोखंड भोकाला खात बसलं. हे चालू राहिलं तर जाडही फुटतो, कारण त्याला वाकून जोर जिरवता येत नाही. पातळ सिंबल नट सैल ठेवून आणि मनगटानं जरा तिरकं, पुसल्यासारखं मारलं की वर्षानुवर्षं टिकतो. शिवाय जाड क्रॅश उघडण्यासाठी रोज जो जास्तीचा जोर लावावा लागतो, त्याचा भुर्दंड मनगट आणि कोपर भरतात. त्याची किंमत दुकानाच्या बिलात दिसत नाही.

धातूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पैशाचा प्रश्न इथेच अडतो. घरात काशाची वाटी आणि पितळेची वाटी असेल तर दोन्ही बोटांवर तोलून टिचकी मारावी. काशाची वाटी बोलत राहते, पितळेची लवकर गप्प होते. चांगल्या सिंबलमध्ये साधारण 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील असतं. इस्तंबूलमध्ये 1623 मध्ये सुरुवात केलेल्या झिल्जियन घराण्याचं नाव याच मिश्रणावर मोठं झालं. इतकं कथील घातलेलं कासं थंडपणी ठिसूळ असतं, म्हणून ते तापवून लाटतात, लाल असतानाच पाण्यात बुडवतात, आणि मग हातोडीला तोंड देण्याजोगं झालं की ठोकून आकार देतात. पण 20 टक्के कथील म्हणजेच उत्तम, असंही धरून बसू नये. वर सांगितलेली 2002 मालिका आठच टक्के कथिलाच्या पत्र्याची आहे आणि रॉकच्या इतिहासात तिचं स्थान कुणी नाकारत नाही. शिकाऊ संचातले पितळी सिंबल मात्र, 63 टक्के तांबं आणि बाकी जस्त, क्रॅश म्हणून फारसे उघडतच नाहीत. ते सरावाला चालतात. पैसे थोडे असतील तर चार पितळी सिंबलांचा चकचकीत संच टाळावा आणि काशाची एकच हायहॅटची जोडी आधी घ्यावी, कारण गाण्यातला बहुतांश वेळ काठी तिथेच असते. क्रॅश नंतर, जुना मिळाला तरी हरकत नाही. जुना घेताना कडेवरून नख फिरवून बारीक चीर लागते का पाहावं, आणि मधलं भोक गोल आहे की लांबट झालं आहे ते उजेडात धरून बघावं.

निवड करण्याची जागाही बदलायला हवी. दुकानात सिंबलच्या तोंडाशी उभं राहून एक जोरकस फटका मारला की जाड सिंबल नेहमीच जिंकतो, कारण त्या शांततेत लांब आस गोड वाटते. खरी परीक्षा दुसऱ्या माणसाच्या हातात काठी देऊन, आपण पंचवीस-तीस पावलं मागे सरकून घ्यायची. शक्य असेल तर गिटारवाल्याला बरोबर न्यावं, डिस्टॉर्शन लावून वाजवायला सांगावं, आणि आपल्या गाण्याच्या खऱ्या वेगात पहिल्या मात्रेवर क्रॅश मारून घ्यावा, लागोपाठ चार आवर्तनं. चौथ्या आवर्तनात गिटारचे सूर सुटे ऐकू येत असतील, आणि कुणी एक ओळ गायली तर तिचे शब्द कळत असतील, तर तो क्रॅश घ्यावा, मग त्याच्यावर शिक्का कुठलाही असो. नुसतं धातूचं धुकं ऐकू आलं तर त्याच मापाचा पण शे-दोनशे ग्रॅम हलका मागावा आणि पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरुवात करावी.