दुर्बीण कितीची घ्यावी?

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राला अचानक नेमबाजीचं वेड लागलं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं आणि याचे वीकेंड बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर जायला लागले. लंच टाइमला डब्यातल्या भाजीपेक्षा रायफलीवरच जास्त चर्चा. एक दिवस साहेबांनी फंडा मांडला, "जेवढ्याची रायफल, तेवढ्याचीच वरची दुर्बीण घ्यायची. दहा हजारांची स्कोप आणि लाखाची स्कोप, जमीन-अस्मानाचा फरक!"

"मग कुसाळेच्या रायफलीवर कितीची होती?" मी विचारलं.

तो गप्प. कारण ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारात दुर्बीण लावायची परवानगीच नाही. ५० मीटरवरच्या टार्गेटचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटरचं. ते बारीक भोकाच्या चकतीतून बघायचं, मध्ये भिंग नाही.

सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. माझ्याकडे रायफल नसली, तरी दुर्बिणी दोन होत्या. एक ४२ हजारांची, हप्त्यांवर घेतलेली. दुसरी अडीच हजारांची. त्यातली कोणती कुणाकडे होती, हे सांगायला आजही लाज वाटते.

मी मूळची जुन्नर तालुक्यातली. घर नारायणगावच्या पुढे, चारही बाजूंना ऊस. नोकरीसाठी पुण्यात आले आणि दोन वर्षांनी पक्षी बघायचा नाद लागला. ग्रुपमधल्या सगळ्यांच्या गळ्यात भारी दुर्बिणी. मग मीही घेतली. भीमाशंकरला शेकरू बघितलं, डिंभे धरणाच्या पाण्याजवळ बदकं बघितली. सगळं सकाळी आठ ते अकरा, लख्ख उन्हात. नंतर मिसळ आणि परत पुणे.

दुसरी मी अण्णांना साठीला भेट दिली होती. पेटीवर मोठ्ठ्या अक्षरात '३०×६०'. आकडा मोठा म्हणजे चांगली, असा माझा हिशेब. अण्णांनी कौतुकानं खुंटीला टांगली. कालव्याच्या चारीवर कोण पाणी फिरवतंय, हे ओट्यावरून बघायला बरी, म्हणाले.

२०२५ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आमच्या भागातलं कुणी विसरणार नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. लोकांनी आंबेगावात मंचरला पुणे-नाशिक हायवे अडवला. शेवटी वन खात्याच्या पथकानं एका बिबट्याला गोळी घालून मारलं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि तो काही काल आलेला पाहुणा नाही. कुकडीच्या धरणांनी पाणी आलं, पाण्यानं ऊस आला आणि उसात लपायला त्याला बारमाही जागा मिळाली. कित्येक बिबटे उसातच जन्मतात. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र उगाच उभं राहिलेलं नाही.

त्याच नोव्हेंबरात मी घरी गेले. अण्णांच्या वाट्याला त्या आठवड्यात रात्रीची लाइट होती. म्हणजे मोटर रात्री चालू करायची. स्टार्टरची पेटी विहिरीवर आणि विहीर उसाला लागून. मी म्हटलं, "अण्णा, राहू द्या ना एक आठवडा." ते म्हणाले, "कांदा आठवडा थांबतो का?"

तिन्हीसांजेला आम्ही दोघं बांधावर उभे होतो. सूर्य मावळून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. उसाच्या कडेला, विहिरीच्या अलीकडे काहीतरी बसलेलं. अण्णांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "कुत्रं असंल."

मी ती घेऊन बघितली. राखाडी चिखलात एक काळा डाग. कुत्रं म्हटलं तर कुत्रं, दगड म्हटलं तर दगड. मी पळत जाऊन गाडीतून माझी आणली. त्यात डाग नव्हता, ठिपके होते. आणि लांबलचक शेपटी.

अण्णांच्या हातात दिली. त्यांनी बघितलं, खाली केली, परत बघितलं. मग एवढंच म्हणाले, "चल घरी." त्या रात्री मोटर चालू झाली नाही.

मला झोप लागली नाही. लॅपटॉप उघडून, जे दुर्बीण घेण्याआधी वाचायला हवं होतं ते वाचत बसले. हिशेब सोपा आहे हो. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला, किती पट मोठं दिसणार. दुसरा, पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा, डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते. माझी ८×४२, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. अण्णांची ३०×६०, म्हणजे फक्त दोन. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीत पाचेकपर्यंत. म्हणजे अण्णांच्या डोळ्याचं दार पाचाचं आणि मी त्यात दोनाची नळी लावलेली! तेही पेटीवरचा आकडा खरा धरून. फुटपट्टी लावली, तर पुढची काच साठच्या जवळपासही नव्हती.

मग पैसे जातात कुठे? एक, काचेवरच्या लेपात. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा तरी पृष्ठभाग धरा. एकतृतीयांश उजेड वाटेतच गळाला. चांगल्या लेपानं ही गळती पुष्कळ थांबते. दोन, आतले लोलक जागच्या जागी राहण्यात. ते हलले की दोन चित्रं दिसतात आणि डोकं दुखतं. तीन, हवाबंद नळीत नायट्रोजन भरण्यात, म्हणजे माळशेजच्या पावसातही आत वाफ धरत नाही. रायफलीच्या स्कोपचंही हेच, वर बंदुकीचा धक्का बसूनही आतली खूण तसूभर सरकता कामा नये. भर दुपारी यातलं काही फारसं कळत नाही. कळतं ते संध्याकाळी, पावसात आणि चार वर्षं आपटून झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी खोडदवरून निघाले. तिथल्या जीएमआरटीच्या महाकाय डिश लहानपणापासून बघतेय. एकूण ३०, एकेक ४५ मीटर व्यासाची, आणि पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी! डॉ. गोविंद स्वरूप यांनी हे हलकं, कमी खर्चाचं डिझाइन बसवलं. ज्या रेडिओलहरी पकडायच्या त्यांची लांबी वीसेक सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत. त्यांना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवतच नाहीत. मग गुळगुळीत पत्र्यावर पैसा कशाला घाला? जगातल्या नावाजलेल्या दुर्बिणींपैकी एक आमच्या उसाशेजारी उभी आहे, आणि ती काटकसरीनं बांधलीय. पण कशात काटकसर करायची, हे आधी नीट मोजून.

मी नेमकं तेच मोजलं नव्हतं. लख्ख उन्हात बदकं बघायला मी भारी काच घेतली आणि अंधारात उसाची कड बघणाऱ्या माणसाला खेळणं दिलं.

पुढच्या शनिवारी माझी दुर्बीण अण्णांच्या खुंटीला लागली. "कितीची?" त्यांनी विचारलं. "पाच हजार," मी ठोकून दिलं. "पाच हजार? फसवलं तुला दुकानदारानं!" हप्ते अजून चार बाकी होते, पण मी मान डोलावली.

माझ्यासाठी नंतर नऊ हजारांची ८×४२ घेतली. डिंभ्याला सकाळी नऊ वाजता तिच्यात आणि जुनीत मला फरक सापडत नाही, खोटं कशाला बोलू? अडीच हजारांवरून नऊवर जाताना खूप मिळतं. नऊवरून बेचाळीसवर जाताना मिळतात ती फक्त दिवसाच्या टोकाची वीस मिनिटं. तुमचं काम त्या वीस मिनिटांत असेल तर जरूर घ्या. नसेल तर उरलेल्या पैशात पेट्रोल भरा आणि जास्त वेळा फिरा.

आणि हेही खरं, की कुठलीही काच बिबट्याला अडवत नाही. अण्णा आता एकटे जात नाहीत, शेजारच्या काकांना घेऊन, मोठ्यानं बोलत, बॅटरी मारत जातात. दिवसा लाइट मिळाली तर ती कुठल्याही दुर्बिणीपेक्षा मोलाची.

तोवर रोज संध्याकाळी साडेसात-आठला फोन येतो. परवाही आला.

"आज नव्हता," अण्णा म्हणाले. "आधी 'नाही' म्हणायचो ते अंदाजानं. आता बघून सांगतो."