धरण इकडे, पॉवरहाउस तिकडे!

पुण्याहून भल्या पहाटे निघालात, तर उंब्रज, मल्हारपेठ, पाटण करत जेवणाआधी आरामात कोयनानगर! नेहरू उद्यान, शिवसागर आणि पावसाळा असेल तर नवजाचा ओझर्डे धबधबा. (एक जादा जीन्स ठेवाच.)

यावेळी सोबत होती एक मैत्रीण, पुण्यातल्या आयटी कंपनीत टीम लीड. तिचे आठपैकी पाच जण घरून काम करतात. त्यातला एक मुलगा वडिलांच्या आजारपणामुळे इथेच, पाटण तालुक्यातल्या गावी राहतो. कंपनीचं नवं फर्मान आलंय: आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. त्याचं काय करायचं, ते मॅडमना सोमवारपर्यंत कळवायचं होतं. ‘दिसतच नाही गं, तर रेटिंग कसं देऊ?’ हे तिचं पाटणपासून चालू होतं.

समोर 103 मीटर उंचीचं धरण. पण गंमत बघा, पायथ्याचे 40 मेगावॉट सोडले तर वीज इथे होतच नाही! पाणी बोगद्यातून सह्याद्री पार करतं आणि संच फिरतात पलीकडे, चिपळूण तालुक्यात. सगळं मिळून क्षमता 1,960 मेगावॉट. धरण जलसंपदा विभागाचं, पॉवरहाउस चालवते महानिर्मिती आणि संच कधी चालवायचे, कधी थांबवायचे याचा निरोप थेट ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून. पश्चिमेला वर्षाकाठी किती पाणी वळवायचं, याची 67.5 टीएमसीची मर्यादाही बच्छावत लवादाने 1976मध्ये घालून दिलेली. कोण कुठे बसलंय यापेक्षा कोणी काय ठरवायचं, हे इथे पक्कं आहे. मैत्रीण बराच वेळ गप्प होती. (हे दुर्मीळ!)

दुपारी त्या मुलाच्या घरी गेलो. रेंज फक्त माडीवर. सकाळी नऊच्या मीटिंगला तो कॅमेरा का लावत नाही, तेही कळलं: तीच वडिलांच्या व्यायामाची वेळ. तिने कधी विचारलं नव्हतं, त्याने कधी सांगितलं नव्हतं.

‘मॅडम, काम जमतं हो. पण अडलं की कोणाला विचारायचं, तेच कळत नाही. दोघं दोन उत्तरं देतात.’

चहा होईपर्यंत तिने वहीत लिहून काढलं: कुठला निर्णय कोणाचा, मीटिंग अकराला, दर बुधवारी फक्त त्याच्याशी अर्धा तास, तोही कामाचा हिशेब न मागता. दिवसाला दोनदा येणारा ‘स्टेटस?’ मेसेज बंद. शिवाय सहा महिन्यांची सूट मागणारा एचआरला मेल, जबाबदारी स्वतःच्या नावावर. तिचंही प्रमोशन याच वर्षी आहे, बरं का!

मेल पाटणला रेंज आल्यावर गेला. सोमवारी उत्तर आलं. सूट मिळाली, तीन महिन्यांची.