३१ इंच

गेल्या मे महिन्यात बहिणीच्या बाळंतपणासाठी आईला घेऊन मी मुंबईहून अमेरिकेत नेवार्कला गेले. जवळजवळ सोळा तासांचा विमानप्रवास! पर्समध्ये पट्टी होतीच (बाईंची सवय हो), म्हणून मोजून पाहिलं. आपल्या सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत ३१ इंच. त्यातच गादी, ट्रे आणि आपण.

जेवण होताच पुढच्या तरुणाने सीट मागे टाकली. आईचे गुडघे आधीच दुखरे, पण ती गप्प. माझं मात्र डोकं फिरलं. २०१४ मध्ये अमेरिकेत एकाने पुढची सीट मागे येऊ नये म्हणून प्लास्टिकची अडकण लावली, भांडण पेटलं आणि विमान शिकागोला उतरवावं लागलं. ते आठवलं, आवाज खाली आणला. तो हिंदीत म्हणाला, "दीदी, माझ्याही पुढच्याने टाकलीय, बघा ना." खरंच की! त्याचेही गुडघे अडकलेले. मग ठरलं, दोन तास तो झोपणार, दोन तास सीट सरळ. अधूनमधून मी आईला वाटेत फिरवून आणायची.

आमच्या चौथीत एका बाकावर तिघं बसतात. "बाई, हा सरकतच नाही!" ही रोजची तक्रार. "जमवून घ्या रे," हे माझं रोजचं उत्तर. जूनमध्ये तीच पट्टी घेऊन मुलांसोबत बाक मोजला. एकेकाच्या वाट्याला १४ इंच.