सुट्टीतला एक तास

वार्षिक परीक्षा संपली की दप्तर माळ्यावर जाते, ते जूनच्या मध्याला शाळा उघडेपर्यंत खाली उतरत नाही. ह्या दिवसांत मुलांनी विहिरीत डुंबावे, आंबे खावेत, उन्हातान्हात हुंदडावे. त्याविरुद्ध आमचे काहीएक म्हणणे नाही. मात्र दप्तराबरोबर वाचनही माळ्यावर जाते, ही गोष्ट आम्हांस बोचते. नुकतीच अक्षरे जुळवू लागलेले मूल सुट्टीभर वाचनावाचून राहिले, तर जूनमध्ये ते पुन्हा शब्दाशब्दाला अडखळते. बार्बरा हेन्स ह्या समाजशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेतील अटलांटा शहरातल्या मुलांचा अभ्यास करून १९७८ साली तो प्रसिद्ध केला. सुट्टीत सुस्थितीतील व गरीब मुलांमधले अंतर वाढते, आणि ह्या काळातील प्रगतीशी सर्वांत निकटचा संबंध वाचनाचा असतो, असे त्यात दिसून आले.

ह्यावर पालक उपाय करतात तो शुद्धलेखनाच्या वहीचा. मूल चार दिवसांत कंटाळते. आमच्या मते वाचनाला सक्तीपेक्षा तीन गोष्टी अधिक मानवतात : जागा, वेळ आणि सोबत. आमच्या सातारा-सांगलीकडील दोन गावांनी त्या दाखवून दिल्या आहेत.

पाचगणी-महाबळेश्वर परिसरातील भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव. ४ मे २०१७ रोजी, म्हणजे ऐन सुट्टीत, राज्य शासनाने तेथे 'पुस्तकांचे गाव' सुरू केले. मूळ कल्पना वेल्समधील हे-ऑन-वे ह्या गावावरून घेतलेली. परंतु तिथे पुस्तकांची दुकाने आहेत, तर भिलारमध्ये पुस्तके गावकऱ्यांच्या राहत्या घरांत मांडली गेली. एका घरी बालसाहित्य, दुसऱ्या घरी इतिहास, तिसऱ्या घरी कविता. कोणीही यावे, बसावे, विनामूल्य वाचावे. वाचनाला अशी घरात जागा मिळाली.

सांगली जिल्ह्यातील, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने वाचनाला वेळ दिला. महामारीच्या काळात शिक्षणासाठी मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना. तेव्हा २०२२ साली गावाने ठरविले, की सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद करावयाचे, ते साडेआठपर्यंत. ह्यातील मर्म असे, की नियम थोरांनाही लागू होता.

राहिली सोबत. विटा, खानापूर, आटपाडी तसेच खटाव-माण भागातील कितीतरी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर पांगली आहेत. त्यांची मुले मे महिन्यात आजोळी, गावी येतात. बोलतात मराठी, पण वाचतात तमिळ किंवा मल्याळम. खानापूर तालुक्यातील एका घरी आम्ही गेलो असता तेथील आजी म्हणाल्या, "फादर, पोरगं माझ्यासंगं बोलतंय झ्याक, पण माझी पोथी त्याला नुसती दिसतीया, वाचता येत न्हाई." नातू कोइमतूरच्या शाळेत चौथीत होता. आम्ही सुचविले, की प्रथम एस.टी.च्या पाट्या वाचाव्यात. विटा, कडेगाव, कराड ही नावे मुलाला ऐकून ठाऊक होती. त्यामुळे अक्षरे ओळखीची झाली. पुढे आजी एक ओळ वाचीत, नातू दुसरी. अशा मुलांना वर्षातून हाच एक महिना मिळतो. तो गेला, की आजीची लिपी नातवाला परकी होते. मग तिने मागे ठेवलेले चार कागदही घरात कोणी वाचणारे उरत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. दिवसातील एक तास ठरवा आणि त्या तासाला स्वतःही पुस्तक घेऊन बसा. निवड मुलावर सोपवा. चित्रांचे पुस्तक मागितले तर तेच द्या. एक पान तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या, आणि चुकल्यास लगेच टोकू नका. पुस्तके विकत घेणे परवडत नसेल, तर गावच्या वाचनालयात जा. परगावी असाल, तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचावयास ठेवलेले आहेत. आजी-आजोबा घरी असतील, तर त्यांच्याइतका सवडीचा सोबती दुसरा नाही. त्यांचा चष्मा तेवढा पुसून द्या.